आपले म्हणणे असल्यास

नोटीस आली ती हर्णैच्या बंदरावर,
लिलाव अर्ध्यात असताना.
पोस्टमनने टोपल्यांतून वाट काढत
शालन पावसेंच्या ओल्या हातात दिली,
सही घेतली
आणि सुरमईचा भाव विचारून गेला.

त्या रात्री त्यांनी फक्त आकडा वाचला.
एकतीस लाख चाळीस हजार.
मोठा आकडा कागदावर बसला
की बाकीची अक्षरं उठून जातात.

दुसऱ्या दिवशी दापोलीत माझ्या जिन्यावर.
खाली औषधांचं दुकान, वर मी, कर सल्लागार.
"होडी इकू का घर, तेवढंच सांगा."
मी म्हणालो, आधी वाचू.

बँकेत भरलेला पैसा न् पैसा
साहेबांनी त्यांचं उत्पन्न धरला होता.
तो होता 'फजले करीम'चा, 'एकविरा प्रसाद'चा,
'भाग्यवंती'वरच्या सात खलाशांचा.
शालनबाईंनी लिलाव पुकारायचा,
पैसे घ्यायचे, ज्याचे त्याला पोचवायचे,
शेकड्यामागे पाच आपले.
भरतीचं पाणी खाडीतून जातं येतं,
म्हणून खाडीच्या नावावर समुद्र कुणी लावत नाही.

आकड्याच्या खाली, सहाव्या ओळीत, बारीक टायपात:
'आपले म्हणणे असल्यास
लेखी मांडावे.'
मी बोट ठेवून दोनदा वाचलं.
"म्हंजे इचारतायत? धमकी न्हाय?"
दोन्ही आहे, म्हटलं,
पण विचारणं त्यांना भाग आहे.
त्यात उपकार कसला.

मग आम्हीही विचारलं.
हा आकडा कशावरून काढलात,
त्या कागदांची नक्कल द्या.
लिलाव बंद होईपर्यंत मुदत द्या.
समोर बसवून ऐका.
तीन अर्ज, प्रत्येकाच्या दोन प्रती.

रत्नागिरीच्या कचेरीत आवकवाला म्हणाला,
"ठेवा तिथं. पोच कशाला?"
मी ठेवणारच होतो.
शालनबाई हलल्या नाहीत.
"पाटीभर बांगडा दिला तरी मी मोजून देते नि मोजून घेते.
शिक्का मारा."
मागची रांग गप्प.
शिक्का उमटला, तिरका,
तारीख मात्र स्वच्छ.

सुनावणीला साहेब तरुण, भंडाऱ्याकडचा.
तांडेल म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं,
आणि ते त्यानं लपवलं नाही.
शालनबाईंनी वह्या काढल्या,
उन्हात वाळवून फुगलेल्या,
पानापानांत खवले चिकटलेले.
होडी, तारीख, भाव, दिले, सही.
तो दीड तास वाचत राहिला.
नाकाला रुमाल लावला नाही,
हे मी आजही त्याच्या बाजूनं सांगतो.

आदेश आला बारा पानांचा, कारणांसकट.
सगळं मान्य,
'भाग्यवंती'चे तीन लाख सोडून.
नोंदीसमोर सही नाही.

"बुडालेल्याची सही कुठून आणू?"
एवढंच बोलल्या त्या,
मग खिडकीबाहेर बघत बसल्या.

शेवटच्या पानावर पुन्हा बारीक टायप:
हा आदेश मान्य नसल्यास
तीस दिवसांत अपील.
त्यांनी बोटांवर मोजलं.
"दोन उधाणं, दोन भांग.
आज नवमी. भांगच हाय. लिवा."

मी कोरा कागद ओढला.
अपिलाचे कारण क्रमांक एक.
त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो,
कायद्याची भाषा नंतर घालू म्हणून.

'भाग्यवंती' परत आली नाही.
तिचे पैसे मी बाळकृष्ण चोगलेच्या बायकोला,
सुगंधाला, तिच्या ओच्यात नेऊन दिले.
तेराव्याचा दिवस होता.
मोजून दिले.
पोच मागितली नाही.