तिसरा गिअर

अल्टोचा डावा दरवाजा आतूनच उघडायचा.
मागची काच खाली घ्यायची तर पक्कड लागायची.
ती बर्फाच्या डब्याशेजारीच असे.
रक्ताच्या नळ्या, कापूस, पक्कड,
सोळा वर्षं हा माझा संसार मागच्या सीटवर.

पहाटे साडेपाचला सानपाड्याहून निघायचं,
नेरूळ, सीवूड्स, येताना वाशी.
माणसं उपाशीपोटी बाही वर करून बसलेली.
मी म्हणायची, जरा टोचेल हं.
खाली येऊन चावी फिरवताना
मनात म्हणायची, लाग बाई, एकदाच.
कधी कधी तीनदा टोचावं लागायचं.

तुर्भ्याचा खलील म्हणाला,
मॅडम, इंजिन आता खोलायचं नाही.
उरण फाट्याच्या पुलावर एसी बंद करता, ठीक आहे,
उद्या खाली उतरून ढकलाल.
पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्यानं हिशेब मांडला:
क्लच प्लेट, सस्पेन्शन, सडलेला खालचा पत्रा.
बेरीज गाडीच्या किमतीपुढे गेली
तेव्हा त्यानंच पुठ्ठा उलटा ठेवला.

एजंटाच्या पोरानं बॉनेट उघडलं,
चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल आडवी घासली.
लहानपणी आम्ही नाण्यावर वही ठेवून घासायचो, तसं.
एकेक आकडा वर आला.
माझ्या पायांपासून हातभर अंतरावर
एवढी वर्षं होता तो, मी पहिल्यांदा वाचला.
परक्यांच्या नळ्यांवर रोज नाव लिहिते, वय लिहिते,
आणि हिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

दिवाळे गावचे भोपी पैसे घेऊन आले.
पोरीला शिकवायचीय, म्हणाले,
ठोकली तरी जीव तुटणार नाही.
मला ते लागलं.
पण पोर आत बसली आणि काही न बोलता
आधी आरसा स्वतःकडे वळवून घेतला तिनं.
मग मी पक्कडही देऊन टाकली.
पैशांत धरली नव्हती.

नवी म्हणजे माझ्यासाठी नवी,
रंगनाथन काकांची राखाडी आय-टेन.
वाशी, सेक्टर नऊ, पहिला मजला.
नऊ वर्षांत अठरा हजार किलोमीटर.
दर तीन महिन्यांनी मी त्यांची साखर न्यायची.
ती डोळ्यांत उतरतेय
हे त्यांच्या मुलाआधी मला कळलं होतं.
भाव त्यांनी केलाच नाही, मीच केला,
आणि दहा हजार कमी झाल्यावर
घरी येईपर्यंत मान वर झाली नाही.
त्यांनी फाईल दिली. पंच केलेली पानं,
पेट्रोलची प्रत्येक पावती, तारीख हातानं घातलेली.
शेवटच्या चार-पाचांवर
अक्षर ओळ सोडून खाली घसरत गेलेलं.

आता एका चावीत सुरू होते.
तरी मी मनात म्हणतेच, लाग बाई.
ब्रेकवर पाय जुन्या जोरानं पडतो,
गाडी दचकते, मागे नळ्या खुळखुळतात.
सीट अजून त्यांच्या उंचीवर आहे,
मी उशी घेतलीय, पण ती सरकवली नाही.

सोमवारी त्यांच्याकडे गेले.
दार उघडंच होतं, ते खिडकीशी.
आलात, म्हणाले, सिग्नलपासून ऐकतोय.
तिसरा उशिरा टाकता तुम्ही,
ती ओरडते मग.
जुनीची सवय, मी म्हटलं. मूठ बंद करा काका.
शीर लगेच सापडली.
नळी भरेपर्यंत त्यांचं तोंड खिडकीकडेच होतं.
खाली इंजिन थंड होत असेल,
बारीक टिकटिक करत.
मला काही ऐकू येत नव्हतं.