मशीन बंद आहे

रात्री अकरा चाळीसला तो आला,
उणे एकतीसची थंडी अंगावर घेऊन.
बाहेर रेजायनाकडे जाणारे धान्याचे दोन ट्रक
इंजिन चालू ठेवून झोपलेले.
पंपावरच्या दुकानात मी, कॉफीचं भांडं
आणि हीटरची घरघर.

चौदाचा असेल. फार तर पंधराचा.
कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, हातमोजे नाहीत.
काउंटरवर त्यानं डबा उलटा केला :
शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ उपसून मिळवलेल्या
चुरगळलेल्या नोटा, डॉलरची नाणी,
आणि त्यांच्यासोबत चुकून आलेला
एक दुधाचा दात.

"शंभराची तीन गिफ्ट कार्डं."
"कुणासाठी रे?"
"चुलतबहिणीचा वाढदिवस आहे."
सांगताना तो बघत होता घड्याळाकडे.

फोन पालथा ठेवला होता त्यानं.
तरी तो थरथरत, सरकत राहिला
उताण्या पडलेल्या भुंग्यासारखा.
दर थरथरीला पोराचा श्वास अडकायचा.

मला ऑक्टोबर आठवला.
फ्रीसनांचा डेरिक. पाच कार्डं.
मी पैसे घेतले, सुटे दिले,
"छान जाऊ दे रात्र" असंही म्हणाले.
नवव्या दिवशी गावभर, दारोदार,
दिव्याखाली एकेक हॉकी स्टिक टेकलेली.
नंतर त्याचा फोन उघडला गेला तेव्हा कळलं,
ती सोळा वर्षांची मुलगी मुलगी नव्हतीच.
कुठल्याशा देशातल्या कुठल्याशा खोलीत
पाळीनं बसणारी माणसं होती.
माझ्यासारखीच, रात्रपाळीची.

मी नाणी मोजायला घेतली. सावकाश.
चुकले. पुन्हा पहिल्यापासून.
दात उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.
मग गुडघ्यानं मशीनची वायर ओढली
आणि म्हणाले, "मशीन बंद आहे."

"पण बाराच्या आत नाही दिले तर ते..."
एवढंच. अर्धं वाक्य.
पुढचं मला पाठ होतं.

फोटोत काय आहे ते मी विचारलं नाही.
ते त्याचं होतं. फसवून घेतलं
म्हणून दुसऱ्याचं होत नाही.
पैसे द्यायचे नाहीत, म्हणाले.
उत्तर द्यायचं नाही.
काही पुसायचं नाही, पोलिसांना लागेल.
आणि बाळा, गुन्हा तू केलेला नाहीस.
हे शहाणपण त्या क्षणी सुचलेलं नव्हतं.
ऑक्टोबरपासून रोज पहाटे घरी जाताना
गाडीत एकटीनं घोकलं होतं,
वायपरच्या तालावर,
कुणी विचारलंच तर.

बारा वाजले. आम्ही दोघांनी काटा बघितला.
फोन तडफडला, गप्प झाला, पुन्हा तडफडला.
त्यानं हॉट चॉकलेटचा कप
दोन्ही हातांनी धरून ठेवला, प्यायला मात्र नाही.

आई आली. नाइटगाउनवर नवऱ्याचा कोट,
डाव्या पायात उजवा बूट.
ती ओरडेल याची मलाच धास्ती होती.
तिनं त्याचे हात हातात घेतले,
"कोल्बी, मोजे कुठेत तुझे?" एवढंच विचारलं,
आणि तेवढ्यानं पोराचा बांध फुटला.

फोटो दोघांना गेला म्हणे, शाळेतल्या.
एकजण त्याच्याशी अजून बोलत नाही.
दुसऱ्यानं सकाळी सातला येऊन
त्यांच्या दारातला बर्फ उपसून ठेवला,
बेल न वाजवता गेला.

मालक कुरकुरतो, कार्डांचा खप घटलाय.
परवा एक म्हातारा तावातावानं म्हणाला,
नातीला कार्ड द्यायचं तर तुझी परवानगी लागते का?
लागत नाही.
पण "कुणासाठी?" हे मी विचारतेच. सगळ्यांना.
हसून विचारते, वेळ लावून विचारते,
आणि उत्तर ऐकताना डोळ्यांकडे बघते.

मशीन चालू असतं.
वायर गुडघ्याजवळच ठेवलीय.