कॅमेरा माझ्याकडे

म्बालेच्या इस्पितळात स्टेपलर एकच,
तोही वापरून वापरून दमलेला.
डॉक्टर नाम्बोझो म्हणाल्या, राहू दे, हातानं शिवू.

कॅमेरा माझ्याकडे.
पडद्यावर स्वादुपिंड, पिवळट, ओलं,
रुसल्यासारखं पाठ करून निजलेलं.

शेपूट सुटत आलं, आणि वीज गेली.

कुणी बोललं नाही.
वामोनोच्या पोटात तीन लांब दांड्या
होत्या तिथंच थांबल्या.
खाइन्झा सिस्टर मोठ्यानं आकडे मोजत राहिली,
एकोणिसाला जनरेटर खोकला.

पिशवी नव्हतीच. हातमोज्याची बोटं बांधली तिनं,
त्यातून तुकडा ओढला, तुकड्यात गाठ:
कॉफीच्या पिकल्या फळाएवढी.
एवढीशी ही, त्याला मळ्यात आडवा पाडायची.

चौथ्या दिवशी वामोनो उठून बसला.
दोन वर्षं भोवळीच्या भीतीनं खिशात बाळगलेली
साखरेची पुडी
माझ्या चहात अख्खी रिकामी केली.
प्यायलो तसाच.