टोचणी

ठाण्याच्या किल्ल्यात तुरुंग होता
आणि गोऱ्या कैद्यांसाठी एक पादरी, थॉर्नबी नावाचा.
चेंदणीच्या कोळणी त्याला थोरणे म्हणत,
जसा काही पेणचाच कुणी कारकून.

मी त्याचा मुनशी. महिना बारा रुपये.
मासुंद्याच्या काठी बंगला. मी खुर्चीवर, तो चटईवर.
शिकणाऱ्याने खाली बसावं, असं कुठे वाचलं होतं कोण जाणे.
पहिल्या दिवशी मला घाम फुटला.

त्याला कोश करायचा होता.
‘अंधार’पाशीच तीन दिवस गेले,
कारण तो म्हणाला, काळोख वेगळा असणार.
आहे वेगळा, मी म्हटलं,
पण दिवा लावून दाखवता येत नाही.
हसला, आणि हेही लिहून ठेवलं.

आम्ही ‘ज’वर असताना विलायतेची डाक आली.
त्याच्या गुरूने रोमची वाट धरली होती,
सख्ख्या भावाने त्या गुरूची पुस्तकं
अंगणात रचून जाळली होती.
आणि मुंबईहून बिशपचा खलिता:
एकोणचाळीस कलमं. खाली सही करा,
की यांचा आम्ही लावतो तोच अर्थ मला मान्य आहे.
“अर्थ,” तो म्हणाला, “मुनशी, अर्थ!”
मग वही उघडून विचारलं, ‘जात’ म्हणजे नेमकं काय?
उद्या सांगतो, मी म्हणालो.

कारण त्याच रात्री कोपिनेश्वराच्या आवारात
माझ्यावर सभा भरली होती.
चैत्रात एकदा मी त्याच्या घरचं पाणी प्यालो होतो.
पेला त्याचा. पाणी मासुंद्याचं,
सभेतले सगळे पितात तेच.

मी प्रायश्चित्त घेतलं.
पंचगव्य, सव्वा रुपया, मिशी उतरवली.
मुलीचं लग्न ठरलं होतं.

त्याने माझ्या ओठाकडे पाहिलं, बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात तांब्याची नवी घागर,
माझ्यापुरती, ब्राह्मणाकडून भरून घेतलेली.
पंचगव्य गिळताना नव्हती वाटली
एवढी लाज त्या घागरीची वाटली.

“एक शब्द हवा,” तो म्हणाला, “ज वर नसला तरी चालेल.
माणसाच्या आत जे ‘नाही’ म्हणतं, ते.”
विवेक, मी म्हटलं. “तो तराजू.”
अंतःकरण. “ती खोली झाली.”
सदसद्विवेकबुद्धी. “हे तुम्ही आत्ता जोडलंत.”
पायरीवर बुधाय बोंबील मोजत होती.
मान वर न करता म्हणाली,
“टोचनी बोलतान तिला. काटा निंगतो, ती ऱ्हाते.”

त्याने सही केली नाही.
बंगला गेला. तुरुंगातली प्रार्थना बंद.
पोर्तुगीज देवळातला फादर येऊन म्हणाला, आमच्यात या.
तिथेही एक कागद होता. तिथेही नाही केली.
दोन पावसाळे चेंदणीत, जाळी विणतात त्या पडवीत काढले,
पोरांना अक्षरं शिकवत, बुधायच्या हातचं खात.
मग हिवताप.
इंग्रजांच्या दफनभूमीला कुलूप, पोर्तुगीजांच्याही.
कोळ्यांनी मिठागराच्या बांधावर त्याला पुरलं,
भरतीची रेघ जिथे थांबते त्याच्या हातभर वर.

मी गेलो नाही.
मुलीचं पहिलं बाळंतपण होतं.
नव्हतं. ते पुढच्या महिन्यात होतं.

वही माझ्याकडे आली. कोश ‘ट’वर संपतो.
‘टोचणी’ त्याच्या हातची, मोडीत, जरा कलती,
समोरची इंग्रजी बाजू कोरी.
मला तो शब्द येतो. त्यानेच शिकवला होता.
दोनदा टाक बुडवला, दोनदा शाई वाळली.

घागरही आहे माजघरात.
सून विचारते, चांगली जड आहे, वापरायला काढू का?
राहू दे, मी म्हणतो.
ती कल्हई लावून पुन्हा जागेवर ठेवते.