अंगठा

डिचोलीच्या बँकेतलं यंत्र म्हणतं,
पुन्हा ठेवा.
आई पदराला अंगठा पुसते, पुन्हा ठेवते.
हिरवा दिवा काही लागत नाही.

"रेषा कुठं गेल्या, मावशी?" कारकून विचारतो.
ती हसते. "काजूच्या कारखान्यात, बाबा. एकवीस वर्षं."

बियांचं तेल कातडी खायचं.
रात्री ती बोटं खोबरेलात बुडवून बसायची
आणि मी, पाचवीतला शहाणा,
"वहीला हात लावू नको," म्हणायचो,
"डाग पडतात."

तिनं कधीच लावला नाही.
लांबूनच बघायची,
पान उलटायला मला सांगायची.

"दुसरं बोट चालेल?"
एकेक करून दहाही होतात.

मी तिचा हात धरून उभा.
गुळगुळीत.
"सोड रे पुता," ती म्हणते,
"मागं लोक खोळंबलेत."