झोप मोडू नये म्हणून

बावीस महिन्यांची आहे, म्हणून तिला तिकीट आहे पण जागा नाही.
जागा म्हणजे माझी मांडी,
डब्लिनहून सार्डिनियाला, तीन तास.

खिडकीची झडप वर, खिडकीची झडप खाली,
ढग आहेत, ढग नाहीत.
एकेचाळीसपर्यंत मोजलं, मग मोजणं सोडलं.
पुढच्या सीटवरच्या गृहस्थांच्या टकलाला
तिने अत्यंत आदराने एक ओलं बिस्किट चिकटवलं.
ते वळले. मी जमिनीत जायच्या तयारीत.
त्यांनी ते काढलं, निरखलं,
आणि खाल्लं.

उतरताना कान दुखले तेव्हा मात्र
अख्ख्या विमानाला ती कळली.

गाड्यांच्या काउंटरवर गाविना, छातीवरच्या पट्टीवर नाव.
इथे सही, इथे, आणि इथे.
गाडीच्या चित्रावर जुन्या ओरखड्यांच्या फुल्या.
मनात आलं, आमचंही एक चित्र काढून ठेवा ना,
परत येताना नवे कोणते ते तरी कळेल.

बेबी सीटचा पट्टा कुठून कुठे जातो
हे जगात कुणालाच ठाऊक नसतं.
निनाद गुडघे टेकून, शिव्या गिळून
उन्हात कसाबसा जिंकला.
दुर्वा तोवर मागच्या चाकाशी बोलत होती.

मग उजवीकडून चालायचं.
डावीकडे वळायचं म्हणून त्याने दांडी ओढली
आणि कोरड्या ठणठणीत काचेवर वायपर नाचू लागले.
"अजून!" मागून फर्मान.
अजून: तिचं सगळं व्याकरण एवढंच.

आमच्याकडे यादी होती.
समुद्रकाठची गुहा, खूप पायऱ्या.
दगडी बुरूज.
कुठल्याशा गावात मिळणारा एक विशिष्ट पाव.
दुपारी दोनला तिची मान कलली.

ज्यांच्या घरी एवढंसं पोर आहे त्यांना सांगायला नको:
इंजिन थांबलं की झोपही थांबते.
गुहेचा फाटा आला, गेला.
"तो बघ बुरूज," निनाद म्हणाला.
"बघितला," मी म्हटलं, साठच्या वेगाने.
मग आम्ही कुजबुजत भांडलो.
कुजबुजत फार वेळ भांडता येत नाही, हसू येतं.
दुतर्फा बुचाची झाडं, साल काढलेली, कमरेखाली लालबुंद,
चड्डी काढून पळालेल्या पोरांसारखी.

एका वळणानंतर रस्ता मेंढ्यांचा होता.

दोनशे तरी असतील. गाडी थांबली.
आम्ही श्वासही थांबवले.
म्हातारा मेंढपाळ खिडकीशी आला, काहीतरी म्हणायला,
मागच्या सीटवर नजर गेली, आणि म्हणाला नाही.
कुत्र्याला बोट दाखवलं, कुत्रा बसला.
मग तो पुढच्या थोराड मेंढ्याजवळ गेला
आणि त्याच्या गळ्यातली घंटा मुठीत धरली.

एकच घंटा. बाकीच्या वाजतच होत्या,
खालच्या उतारापर्यंत, भांड्यांचं दुकान सांडावं तशा.
तो तसाच उभा, मूठ आवळून,
त्या एका घंटेची जबाबदारी आपली, असा.

शेवटची लंगडी मेंढी पलीकडे गेली.
त्याने मूठ उघडली.
टण्ण.

"अजून."

काच खाली केली. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, बाकिस.
मी म्हटलं, दुर्वा.
त्याच्या जिभेवर ती दूरबा झाली.
त्याने मेंढ्याची मान हलवली. अजून. पुन्हा हलवली. अजून.
मेंढा वैतागला, बाकिस नाही.
मागे एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला
आणि त्याच्या चालकानेही इंजिन बंद केलं.

तो विशिष्ट पाव कसा लागतो, मला माहीत नाही.

पाचव्या दिवशी गाविनाने गाडीभोवती फेरी मारली.
नवा ओरखडा एकही नाही.
मागे बिस्किटांचा चुरा, एक मोजा, दुसरा कधीच सापडला नाही.
सही इथे, इथे, आणि इथे.
किल्ली मात्र दुर्वा देईना,
मूठ आवळून उभी.