डावा घोटा

पहिल्यांदा मुरगळला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.
बर्फ लावला, विसरून गेले.
दुसऱ्यांदा टपाल खात्यात लागल्यावर.
मग मोजणं सोडलं.

वाल्पाराइसोत टपाल वाटायचं म्हणजे पायऱ्या:
ओल्या, तुटक्या, कुत्र्यांनी अडवलेल्या,
एकीची उंची दुसरीला ठाऊक नसलेल्या.
विजेची बिलं, कोर्टाचं समन्स, स्पेनमधल्या भावाचं पाकीट,
सगळं माझ्या डाव्या घोट्याच्या मर्जीवर.

टेकडीवरच्या दवाखान्यात निबाल्दो म्हणाला,
हाड शाबूत आहे, एर्मेलिंदा.
स्नायुबंध सैल पडलेत, पण खरी गोष्ट वेगळीच.
जमीन कुठे आहे, कशी कललीय,
हे तुझा घोटा वर कळवतच नाही.
कळवतो तेव्हा उशीर झालेला असतो.

उशिरा पोचणारं टपाल
मला समजावून सांगायची गरज नव्हती.

उपाय काय?
एका पायावर उभी राहा.
मी तर एका पायावर तयार होते,
उभं राहता येत नव्हतं, एवढंच.
दात घासताना. किटली उकळेपर्यंत.
मग डोळे मिटून:
सात सेकंद, आणि हात बेसिनवर.

निळा रबरी पट्टा टेबलाच्या पायाला बांधून
पाऊल बाहेर ओढायचं, आणि परत येताना,
हे तो तीनतीनदा सांगतो, परत येताना सावकाश.
सोडून देऊ नकोस. परत ने.
(माझ्या लग्नाबद्दल हे कुणी सांगितलं नव्हतं.)

डगमगत्या फळीवर उभं राहून चेंडू झेलायचा.
माझ्या शेजारी एक पोरसवदा गोलरक्षक,
पलीकडे दोन एउसेबियो, बंदरातला निवृत्त क्रेनवाला.
तो चेंडू झेलत नाही, चेंडूला शिव्या देतो,
पण फळीवरून पडत नाही.

पाचव्या आठवड्यातली माझी वही:
अकरा, नऊ, बारा, नऊ.
खाली लिहिलंय, मूर्खपणा.

मग ऑगस्टमधली एक पहाट. किटली चढवलेली,
डावा पाय, डोळे बंद,
आणि कपाटातल्या बशा वाजू लागल्या.
एवढ्याशा हादऱ्याला आम्ही भूकंप म्हणत नाही,
चहासुद्धा खाली ठेवत नाही.
तरी पायाखालची जमीन सरकली,
बोलण्यातली नव्हे, खरीखुरी, फरशीसकट,
आणि घोट्याच्या आत कुणीतरी
घाईघाईनं पत्रं उचलून धावू लागलं,
वर, खाली, पुन्हा वर,
बारीक बारीक पावलांनी,
माझी सहीसुद्धा न घेता.

बशा थांबल्या.
सेकंद मोजायचे राहूनच गेले होते.
उजवा पाय अजून हवेत होता,
त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

निबाल्दोला हे सगळं सांगितलं,
हातवारे करून, बशांच्या आवाजासकट.
छान, तो म्हणाला.
आता उशीवर उभी राहा.